वाचनालयातील सार्वजनिक इंटरनेट : ते निर्धोक कसे ठेवावे

शेतकीच्या मासिकात खत, बियाणे अगर कीड यांचा विषय सोडून वाचनालयाचा, आणि त्यातही इंटरनेटचा विषय आलेला पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु आमची सारी हयात महसूल खात्याच्या दप्तरात गेली असल्यामुळे एक गोष्ट आम्ही डोळ्यांदेखत पाहिली आहे. ती ही की, शेतकऱ्याचे जे काम पूर्वी चावडीवर होत असे, ते आता तारेवर गेले आहे. सात-बाराचा डिजिटल सहीचा उतारा २०१८ सालापासून मिळू लागला व त्याचे १५ रुपये शुल्कही ऑनलाइनच भरावे लागते. पूर्वी तलाठी शिवारात फिरून पीकपाण्याची नोंद करीत असे; १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली व ती नोंद खातेदाराने आपल्या मोबाइलवरून करण्याची वहिवाट पडली. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेचे वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांनी थेट खात्यात जमा होतात, पण त्यासाठी ई-केवायसी पुरी असावी लागते. म्हणजे जमीन शिवारात असली तरी तिचे दप्तर आता यंत्रात आहे. आणि यंत्राची वाट ज्यास ठाऊक नाही, तो आपल्याच दप्तरापासून दुरावला आहे.

ही वाट सर्वांस खुली व्हावी म्हणून गावोगावच्या वाचनालयांनी इंटरनेटची सोय करावी असे आमचे मत आहे. परंतु नुसती सोय करून भागत नाही. ती निर्धोक असली पाहिजे. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व आम्हांस ज्या प्रसंगाने कळले तो येथे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो, कारण त्यात चूक आमचीच होती.

गेल्या वर्षी आम्ही सेवानिवृत्त होऊन गावी आलो. खरिपाच्या तोंडी आमचे एक भाऊबंद आमच्याकडे आले व म्हणाले, "अण्णा, तुम्ही कचेरीतले. माझा उतारा आणि बँकेचे कागद तेवढे काढून द्या." आम्ही त्यांस घेऊन तालुक्याच्या गावी एका संगणकाच्या दुकानी गेलो. उतारा उतरवून घेतला, आधारची प्रत काढली, बँकेचे पासबुक यंत्रावर चढविले व छापील कागद घेऊन परतलो. त्या सर्व प्रती त्या यंत्रात तशाच पडून राहतात, ही गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानातही आली नाही. सुमारे तीन आठवड्यांनी त्या गृहस्थांस फोन आला. बोलणाऱ्यास त्यांचे पूर्ण नाव, गट नंबर व खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे माहीत होते. "तुमची केवायसी अपुरी आहे, आलेला आकडा सांगा, नाही तर हप्ता थांबेल," असे त्याने सांगितले. इतके सर्व ज्यास ठाऊक तो बँकेचाच माणूस असणार, असे समजून आमच्या भाऊबंदांनी ओटीपी सांगितला. पीककर्जाचे ४३,००० रुपये खात्यात नुकतेच जमा झाले होते. ते सर्व गेले. भिडेपोटी त्यांनी दोन दिवस कोणासही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही ठाण्यावर गेलो, तेव्हा रक्कम हाती लागण्यापलीकडे गेली होती. बियाणे उसने आणावे लागले व पेरणी आठ दिवस मागे पडली.

ती माहिती त्या दुकानातील यंत्रावरूनच गेली, असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. परंतु ज्या कारकुनाने तीस वर्षांत दप्तरखान्याचे दार एकदाही उघडे टाकले नाही, त्याने परक्या यंत्रात भावाचे दप्तर उघडे टाकले, एवढे मात्र खरे. आमच्या भाऊबंदांनी आम्हांस शब्दानेही दुखविले नाही, आणि तेच आम्हांस अधिक लागले. तेव्हापासून या विषयाची जी माहिती आम्ही मिळविली ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वाचनालयच का?

वाचनालय हे नफ्याचे दुकान नव्हे. तेथे बसणाऱ्या माणसास गिऱ्हाइकाची घाई नसते, व गावातील लोकांस त्याचा विश्वास असतो. आपल्या प्रांतात ही संस्था नवी नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे व नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० साली बडोदे संस्थानात मोफत सार्वजनिक ग्रंथालयांची योजना सुरू केली व खेडोपाडी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठविल्या. ज्ञान हे मागणाऱ्याच्या दारापर्यंत गेले पाहिजे, हे त्यामागचे धोरण. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला व मान्यताप्राप्त वाचनालयांस दर्जाप्रमाणे सरकारी अनुदान मिळू लागले. त्या काळी पेटीतून पुस्तक येत असे, आज तारेतून माहिती येते. काम एकच आहे.

जोडणी कशी मिळते, याविषयी थोडे सांगतो. २०११ साली मंजूर झालेल्या व पुढे भारतनेट या नावाने चाललेल्या सरकारी योजनेने ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याचे काम हाती घेतले. जेथे ती तार चालू स्थितीत आहे, तेथे पंचायतीशी बोलून वाचनालयापर्यंत जोडणी घेण्याचा विचार करावा. खाजगी कंपनीची तार गावात असेल तर मासिक वर्गणीने तीही घेता येते. शिवाय डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी नावाची योजना मंजूर केली. तीत लहान दुकानदार अगर संस्था यांस परवाना न काढता सार्वजनिक वायफाय पुरविता येते, व वापरणाऱ्याची ओळख पटविण्याचे काम त्या योजनेतील दुसऱ्या संस्था करतात. ज्या वाचनालयास स्वतः ही उठाठेव नको असेल, त्याने या मार्गाची चौकशी करावी.

आता मुख्य विषयाकडे वळू. वाचनालयातील इंटरनेटचे दोन भाग पडतात. पहिला, वाचनालयाने ठेवलेला संगणक. दुसरा, वाचकाने आपल्या मोबाइलवर घेतलेले वायफाय. दोहोंचे धोके निराळे, म्हणून बंदोबस्तही निराळा.

सार्वजनिक संगणकाचा बंदोबस्त

सार्वजनिक यंत्र हे गावच्या विहिरीसारखे आहे. पाणी सर्वांचे, पण एकाने घाण पोहरा सोडला की ती सर्वांस बाधते. म्हणून पहिला नियम असा की, एका वाचकाने केलेल्या कामाची खूण दुसऱ्यास दिसता कामा नये. यासाठी वाचकांकरिता मर्यादित अधिकाराचे वेगळे खाते यंत्रावर करावे, म्हणजे त्यांस नवा प्रोग्राम घालता येणार नाही. मुख्य अधिकाराचे खाते व त्याचा पासवर्ड फक्त कार्यवाहांकडे असावा. वाचक उठला की त्याने उतरविलेल्या फाइली, पाहिलेली पाने व भरलेली नावे आपोआप पुसली जावीत, अशी व्यवस्था करता येते. यंत्र बंद करून चालू केले की ते पूर्ववत कोरे होईल अशी योजनाही असते. पासवर्ड लक्षात ठेवण्याची ब्राउझरची सोय बंदच करावी.

आधारची उतरविलेली फाइल कुलूपबंद असते, तेव्हा ती यंत्रात राहिली तरी काय बिघडले, असे कोणी म्हणेल. पण त्या कुलपाची किल्ली म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे व जन्माचे साल. ज्याच्या हाती आपले नाव व साल आहे, त्यास ते कुलूप उघडण्यास पळभरही लागत नाही.

यंत्राची मूळ प्रणाली चालू काळाची असावी. विंडोज १० या प्रणालीची नेहमीची दुरुस्ती तिच्या कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. असे यंत्र दुरुस्तीविना लोकांपुढे ठेवणे म्हणजे पडक्या कुंपणाच्या मळ्यात हरभरा पेरणे होय. नवे यंत्र घेण्याची ऐपत नसेल, तर उबुंटू अगर लिनक्स मिंट यांसारखी मोफत प्रणाली पुष्कळ जुन्या यंत्रांवर चालते. पेन ड्राइव्हमधून विषाणू येतात, म्हणून तो तपासल्यावाचून लावू देऊ नये. ग्रंथपालाने रोज सकाळी यंत्राच्या पाठीमागे नजर टाकावी. कळफलकाची वायर व यंत्र यांच्या मध्ये कोणी एखादी लहानशी डबी बसविली असेल, तर टंकलेले प्रत्येक अक्षर ती टिपून ठेवू शकते. आणि वीज गेली असता अर्धवट राहिलेले काम, वीज आल्यावर पुढच्या माणसासमोर उघडता कामा नये. आपल्याकडे वीज वेळीअवेळी जाते, म्हणून ही गोष्ट मुद्दाम पडताळून पाहावी.

शेतकऱ्यांस लागणाऱ्या सरकारी संकेतस्थळांच्या खुणा यंत्राच्या पडद्यावर आधीच मांडून ठेवाव्यात, म्हणजे शोधाशोध करताना कोणी बनावट स्थळावर जाणार नाही. बनावट स्थळ ओळखण्याची एक सोपी रीत आहे. संकेतस्थळाचे नाव हे आपल्या नावासारखेच असते. आधी स्वतःचे, मग बापाचे व शेवटी आडनाव. पहिल्या तिरप्या रेघेपूर्वी जे शेवटी येते, ते त्याचे आडनाव. आपल्या सरकारच्या स्थळांचे आडनाव बहुधा 'गव्ह डॉट इन' असे असते. मध्येच कोठे 'किसान' अगर 'महाभूमी' लिहिले आणि आडनाव भलतेच असले, तर ते घर आपले नव्हे. नावाशेजारी कुलपाची खूण दिसते, तिचा अर्थही नीट ध्यानात घ्यावा. पत्र लाखबंद आहे एवढेच ती सांगते. ते पत्र सज्जनाकडे जात आहे की चोराकडे, हे ती सांगत नाही.

वायफायचा बंदोबस्त

वायफाय हे पाटाच्या पाण्यासारखे आहे. मुख्य चारी एक असली तरी पोटचाऱ्या वेगळ्या काढाव्या लागतात. वाचनालयाचा स्वतःचा संगणक, ज्यात सभासदांची यादी, वर्गणी व अनुदानाचे हिशेब असतात, तो एका चारीवर ठेवावा व लोकांचे वायफाय दुसऱ्या चारीवर. साधारण राउटरमध्येही पाहुण्यांसाठी अशी वेगळी जोडणी करण्याची सोय बहुधा असते. तीतही एका वाचकाच्या मोबाइलने दुसऱ्याच्या मोबाइलशी संबंध ठेवू नये अशी बंदी घालता येते. ती अवश्य घालावी. प्रत्येकाचे पाणी त्याच्याच बांधात राहावे.

राउटरबरोबर कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. वायफाय बिनपासवर्डाचे ठेवू नये. डब्ल्यूपीए-२, आणि शक्य असल्यास डब्ल्यूपीए-३ ही पद्धत निवडावी. पासवर्ड दरमहा बदलून फलकावर लिहावा, व फलकावरच जोडणीचे खरे नावही लिहावे. कारण कोणीही इसम तशाच नावाची दुसरी जोडणी मोबाइलवरून सुरू करून लोकांस आपल्याकडे वळवू शकतो. फसवी संकेतस्थळे अडविणाऱ्या मोफत सेवाही आहेत. उदाहरणार्थ, क्वाड-नाइन या सेवेचा ९.९.९.९ हा पत्ता राउटरमध्ये घातला असता ज्ञात अशा पुष्कळ वाईट स्थळांची वाट बंद होते. पाटाच्या पाण्याप्रमाणे येथेही पाळी ठरवावी. लोक वाट पाहत असतील तेव्हा एकास अर्ध्या तासाहून अधिक वेळ देऊ नये, व मोठे चलच्चित्र पाहणाऱ्याने कामाच्या वेळी इतरांचे पाणी तोडू नये.

नोंदवही व वाचकाची गुप्तता

व्यवसाय म्हणून चालणाऱ्या सायबर कॅफेंसाठी २०११ साली केंद्र सरकारने नियम केले. त्यांत वापरणाऱ्याची ओळख पाहणे व नोंदवही निदान एक वर्ष जपून ठेवणे या अटी आहेत. वाचनालयानेही नोंदवहीचा हा दंडक पाळावा असे आम्ही सुचवितो. नाव, यंत्र क्रमांक, बसल्याची व उठल्याची वेळ, आणि सही, एवढी नोंद पुरे. पुढे काही तंटा उभा राहिला तर हीच वही संस्थेची बाजू सांभाळील. परंतु वही ही देखील दप्तरच आहे. ती टेबलावर उघडी पडू नये, कुलपात असावी, व मुदत संपल्यावर नष्ट करावी. ओळखपत्र पाहून परत द्यावे. त्याची छायाप्रत ठेवून घेऊ नये. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला आहे. जी माहिती आपण गोळाच केली नाही, ती आपल्याकडून चोरीस जाणार नाही, हे तत्त्व लक्षात ठेवावे.

पडदा असा ठेवावा की, यंत्रावर कोण बसले आहे हे ग्रंथपालास दिसावे, पण रांगेत उभ्या असलेल्यास खात्याची शिल्लक वाचता येऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम हा की, ग्रंथपालाने वाचकास वाट दाखवावी. परंतु त्याचा पासवर्ड अगर ओटीपी स्वतः विचारू नये व टंकूही नये. ज्यास दिसत नाही अगर लिहिता येत नाही, त्याने घरचे विश्वासाचे माणूस बरोबर आणावे. यात ग्रंथपालावर अविश्वास नाही, उलट त्याचेच संरक्षण आहे. उद्या पैसे गेले तर बोट त्याच्याकडे वळू नये.

वाचकाने स्वतः पाळावयाच्या गोष्टी

१. सार्वजनिक यंत्रावर एटीएम कार्डाचा क्रमांक कधीही टंकू नये. शुल्क भरणे असेल तर पडद्यावरील चौकोनी चिन्ह आपल्या मोबाइलने वाचून पैसे द्यावेत.

२. काम संपताच प्रत्येक खात्यातून 'लॉगआउट' करून मगच उठावे. छपाईसाठी व्हॉट्सॲप उघडले असेल तर ते बंद केल्याची आपल्या मोबाइलवर खात्री करावी.

३. उतरविलेल्या फाइली पुसून कचऱ्याची टोपलीही रिकामी करावी. बिघडलेली छापील प्रत तेथे न टाकता घरी न्यावी.

४. योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर 'एपीके' फाइल आली तर ती उघडू नये. अशा फाइलीतून आपल्या मोबाइलचा ताबा परक्याच्या हाती जाऊ शकतो.

५. आधारच्या संकेतस्थळावर अगर त्याच्या ॲपमध्ये बोटांच्या ठशांना कुलूप लावण्याची सोय आहे. ती वापरावी व ठसा देण्याची गरज पडेल तेवढ्यापुरते कुलूप काढावे.

६. बोलणाऱ्यास आपली कितीही माहिती असो, ओटीपी कोणासही सांगू नये. माहिती असणे हा ओळखीचा पुरावा नव्हे.

घात झालाच तर

लाज बाळगू नये व वेळ दवडू नये. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. त्यावर ताबडतोब फोन करावा व बँकेसही कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, आणि ते वाटेतच गोठविले तरच परत मिळण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली असे ठरविले की, चूक बँकेचीही नाही व ग्राहकाचीही नाही अशा प्रकारात, बँकेकडून सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळविले, तर त्याच्यावर तोटा पडत नाही. परंतु ओटीपी सांगण्यासारखी चूक ग्राहकाचीच असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचा तोटा त्याच्याच माथी बसतो. कळविल्यानंतर होणारा तोटा बँकेचा. म्हणून दोन्ही प्रकारांत लवकर कळविणे हेच हिताचे. आमच्या भाऊबंदांचे दोन दिवस गेले, ते भिडेपायी गेले. हा क्रमांक वाचनालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असता, तर कदाचित ते गेले नसते.

दोन आक्षेप

आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, मग वाचनालयाचे यंत्र कशाला, असा एक आक्षेप घेतला जातो. यास उत्तर असे की, चार बोटांच्या पडद्यावर फेरफाराची नोंद अगर इतर हक्कांचा रकाना वाचून पाहणे वृद्ध माणसास जड जाते, आणि छापील प्रतीसाठी त्यास परक्या दुकानातच जावे लागते. शिवाय गावात मोबाइल आहेत, पण बिनधास्त विचारावे असे ठिकाण नाही. वाचनालय ते ठिकाण होऊ शकते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. यावर आमची सूचना अशी की, आरंभी एकच यंत्र, एक छपाई यंत्र व एक राउटर घ्यावा. छपाईस माफक दर ठेवला तर कागद व शाईचा खर्च भागेल. जोडणीची वर्गणी काही सभासदांनी मिळून उचलावी. शेतकऱ्यांचा संघ गावात असेल तर हंगामाच्या तोंडी आठ दिवस एखादा जाणता तरुण तेथे बसवावा. गाव करील ते राव काय करील, ही म्हण अशाच कामांसाठी आहे.

विहीर खोदणारे पुष्कळ असतात. तिला कठडा बांधणारे थोडे. ज्या गावच्या वाचनालयात इंटरनेट आधीच आले आहे, तेथील पंचांनी या लेखातील एकेक गोष्ट यंत्राजवळ उभे राहून तपासून पाहावी. जेथे आलेले नाही, तेथे जोडणीबरोबरच कठडाही बांधावा. आमचे भाऊबंद यंदा पुन्हा उतारा काढण्यास आले होते. या खेपेस आम्ही त्यांस आमच्या गावच्या वाचनालयात नेले, कळफलक त्यांच्यापुढे सरकविला व आपण हात मागे बांधून उभे राहिलो. अर्धा तास लागला. उठताना त्यांनी आपल्या हातांनी फाइल पुसली व "अण्णा, टोपलीही रिकामी केली बरे," असे म्हटले. आमच्या वाचकांपैकी प्रत्येकास आपले दप्तर असे आपल्या हातांनी उघडता व आपल्या हातांनी बंद करता यावे, एवढीच आमची इच्छा आहे.